चुंबकाला न चिकटलेली वाळू

गुरुजी, तुम्ही वारल्याचं मला खोडाळ्याच्या बाजारात कळलं होतं. मी सुकट घेत होते. सांगणारीने सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि सुकट ओली तर नाही ना ते बघत बसले. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे काही गोडधोड असेल अशी आशा नको. त्यालाही आता खूप वर्षं झाली. मी स्वतः म्हातारी झाले, गुडघे बोलतात, दात मोजके उरलेत. पण आज लिहायला बसले ते खुशीत. परवापासून मला अशी खुशी झाली आहे की सून दोनदा विचारून गेली, "आई, चहात काय घातलं होतं?" आता खुशी सांगायची तर माणूस हवा, आणि माझी खुशी ऐकून ज्याचं तोंड उतरलेलं बघायला मला आवडलं असतं असा माणूस एकच. म्हणून तुम्ही.

अक्षराला हसू नका. तुमच्याकडची अडीच वर्षं, एवढीच माझी शाळा. बाकीचं मी एसटीच्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्या आणि पोरांची पुस्तकं वाचून जमवलं. नात म्हणाली, "आजी, लिहून झालं की दे, मी शुद्धलेखन तपासते." म्हटलं, राहू दे, मास्तरांना चुका सापडल्या नाहीत तर वर त्यांना करमायचं नाही. ही नात म्हणजे माझ्या थोरल्याची धाकटी. जव्हारला बारावी केली, आता नाशिकला दगडांचं शिकते. हो, दगडांचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही हसले होते. दगड आपल्याकडे काय कमी आहेत, त्यासाठी नाशिकला जायला लागतं का? पण तिने ज्या दिवशी आमच्या ओहळातली वाळू कागदावर पसरली, त्या दिवशी माझं हसणं बंद झालं. तिथवर येते. आधी तुम्हाला त्या दिवसाची आठवण करून देते, कारण तुम्ही तो सोयीने विसरला असाल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

शाळा म्हणजे तेव्हा एकच खोली, भिंती कारवीच्या कुडाच्या, आत पोरं भरपूर आणि आम्ही पोरी तीन. मी खांबाजवळ बसायची. आमच्या घरची बोली माझ्या तोंडातून निसटली की तुम्ही छडी टेबलावर आपटायचात आणि म्हणायचात, "माणसासारखं बोल." तालुक्याहून एक पेटी आली होती. तिच्यातून तुम्ही घोड्याच्या नालासारखा लाल चुंबक काढलात आणि एक पुडी, लोखंडाच्या किसाची. कीस कागदावर ओतलात, चुंबक खालून धरलात, आणि सगळा कीस साळिंदराच्या काट्यांसारखा उभा राहिला. मी तोंड उघडं ठेवून बघते आहे. तुम्ही म्हणालात, "लोखंड चुंबकाला चिकटतं. जे चिकटत नाही ते लोखंड नाही. लिहा." आम्ही पाटीवर लिहिलं. मी तर घरी जाऊन शेळ्यांनाही सांगितलं.

आणि मला ओहळ आठवला. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला घोळणं काय ते माहीत नसणार, म्हणून सांगते. नागली, म्हणजे तुमची नाचणी, खळ्यावरून येते तेव्हा तिच्यात बारीक वाळू असते. दाणा मोहरीएवढा आणि वाळूही तेवढीच. पाखडून कोंडा उडतो, वाळू कुठली उडायला? मग सूप आडवं धरून घोळायचं, मनगटातून, गोल गोल, मध्येच एक हलका हिसका. हलकं ते पुढे सरकतं, जड ते मागे राहतं. माझ्या आईचा हात यात असा होता की बायका तिला खळ्यावर बोलावून न्यायच्या. मला तिने सातव्या वर्षी बसवलं होतं. "आये, हात दुखला," म्हटलं की म्हणायची, "दाताखाली खडा येल तव्हा काय दुखल ते बघ." तर ओहळाच्या वळणावर पाऊस सरल्यावर वाळूत काळ्या रेघा पडतात. ती वाळू मी उन्हात सुकवून सुपात घोळली, आणि पांढरं पिवळं सगळं पुढे जाऊन सुपाच्या मागच्या कडेला काजळासारखी काळी वाळू राहिली. चमकणारी. चिमूटभरच, पण तळहात खाली जावा इतकी जड. मला वाटलं, हेच ते. आपल्या ओहळात लोखंड आहे. मी सागाच्या पानात ती बांधली आणि सोमवारी तुमच्यासमोर ठेवली.

मला काय ठाऊक, शनिवारपासून तुमची किसाची पुडी हरवली आहे?

तुम्ही पान उघडलंत. चुंबक जवळ नेलात. अर्धी वाळू टुणकन उडी मारून चिकटली. अर्धी पानावरच राहिली. मी म्हणाले, आणि हे माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात हुशार बोलणं होतं, "गुर्जी, ही दोन जातींची हाय. दोन्ही जड हायेत, पण एक उडी मारते, एक नाय मारत."

तुम्ही विचारलंत, "ओहळात कीस वाहतो काय गं? पुडी कुठाय?"

मला पुडीचं काही कळेना. "कसली पुडी, गुर्जी?"

"आणि हे न चिकटणारं काय? चुलीतली काजळी? माझा कीस लपवायला काजळी कालवलीस?"

"काजळी जड नसते, गुर्जी."

तेव्हा पहिली थोबाडीत बसली. दुसरी कशाबद्दल ते आजही मला माहीत नाही, पहिली चांगली बसली म्हणून असेल. पोरं हसली. खांबापलीकडचा एक, माझाच चुलतभाऊ, सगळ्यांत जोरात हसला, आणि शाळा सुटायच्या आत माझं नाव कीसचोर पडलं होतं.

आता मी म्हातारी तुम्हाला एक विचारते. ती वाळू वर्षानुवर्षं पाण्यात पडलेली. तिच्या जागी तुमचा कीस असता तर पहिल्या पावसात लालभडक झाला असता. विळा दोन दिवस कुडावर विसरला तरी गंजतो, हे आमच्याकडचं शेळ्यांमागचं पोरही सांगेल. वाळू तर काळी कुळकुळीत होती. तुम्ही विळा कधी हातात धरला असतात तर तिथेच कळलं असतं. पण तुमच्या हातात छडी.

संध्याकाळी तुम्ही बापाला बोलावलंत. बाप हात जोडून उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी माझी कोंबडी, अंड्यांवर बसलेली, खुराड्यातून उचलून तुम्हाला नेऊन दिली. माझी म्हणजे माझी, पिल्लू होती तेव्हापासून मी वाढवलेली. तुम्ही म्हणालात, "ठेव तिकडे." माफ केलं असंही म्हणाला नाहीत, चोर आहे असंही परत म्हणाला नाहीत, नुसतं ठेव तिकडे. आणि खाल्लीत. पोरं त्याच्या दुसऱ्या दिवशी पिसं दाखवायला मला बोलवत होती. मी गेले नाही. शाळेत पण गेले नाही. बाप म्हणाला, पुरे झालं. अंडी गार पडली ती कुत्र्याने खाल्ली.

बघा, खुशीने बसले आणि कुठे गेले. नातीवर येते.

तिला कॉलेजातून काम दिलं होतं, आपल्या गावच्या ओहळातली वाळू तपासून आणा. ती ओट्यावर बसून चाळण्या, पाण्याच्या बाटल्या असा पसारा मांडून हैराण. म्हटलं, सूप दे इकडे. घोळून दिली. मागच्या कडेला काळी रेघ राहिली तशी पोरगी उडालीच. "आजी, हे आम्ही तव्यासारख्या भांड्यात पाण्यात फिरवून करतो, अर्धा दिवस जातो!" मग तिने जुन्या रेडिओच्या भोंग्यातला चुंबक फिरवला. अर्धी वाळू उडाली, अर्धी राहिली. मी पटकन गालावर हात ठेवला, गुरुजी. या वयात. मला वाटलं, आता ही पण काजळी म्हणते की काय.

पण तिने पिशवीतून दुसरा चुंबक काढला, शर्टाच्या बटणाएवढा, चांदीसारखा, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, आणि राहिलेल्या वाळूवर अगदी टेकवून धरला. आणि ती राहिलेली, न चिकटणारी, काजळी वाळू हळूहळू सरकली. उडी नाही मारली. लाजऱ्या नवरीसारखी सरकत सरकत गेली आणि चिकटली. नात म्हणाली, "उडी मारतो तो मॅग्नेटाइट. हा इल्मेनाइट. यातही लोखंड आहे, पण टायटॅनियमबरोबर जागा वाटून घेतलेलं, म्हणून ओढ कमी. साध्या चुंबकाला दाद देत नाही."

"म्हणजे दोन जातींची?"

"दोन जातींची, आजी."

मी तिला परत म्हणायला लावलं. तीनदा. मग मी एकटी हसत सुटले ते ओट्यावरून पडायची वेळ आली. चुंबक कमजोर होता, गुरुजी! वाळू नव्हे. तुम्ही जे लिहा म्हणून सांगितलंत तेच खोटं होतं, आणि मी ते शेळ्यांना शिकवलं.

मग मी तिला सोडलीच नाही. इल-मे-नाइट, तोंडात खडा धरल्यासारखं वाटतं, पण पाठ केलं. हा येतो कुठून विचारलं. ती म्हणाली, आपला हा सगळा मुलूख, खोडाळ्यापासून पार तिकडे जव्हारजवळच्या शिरपामाळापर्यंत आणि त्याच्याही पुढे, एकदा वितळलेला होता, जमिनीच्या भेगांतून उकळत वर आला आणि थरावर थर पसरला. तो रस निवायला लागला तसे त्यातले लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून काळ्या कणांत बसले. ऑक्सिजन म्हणजे हवेतला नव्हे हं, त्या रसातलाच, मी विचारून घेतलं. जिथे रस भरकन निवला तिथे कण डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. जिथे भेगेत अडकून सावकाश निवला तिथे मोठे. ओहळाच्या वरच्या अंगाला उभ्या दगडाची जी रांग आहे, आम्ही तिला भिंताड म्हणतो, ती अशीच भरलेली भेग. तिथला फुटका दगड नातीने उन्हात फिरवून दाखवला, आत तिळाएवढे काळे पापुद्रे चमकतात. एक कण चिरडून तिने फुटक्या कपाच्या खरखरीत बुडावर घासला, काळपट तपकिरी रेघ उठली. म्हणाली, ही पण ओळख. गंजाची लाल नाही, बघ.

मग पाऊस. दगड सडतो म्हणे. मला पटलं, कारण मी सडलेला दगड कुदळीने फोडला आहे, कांद्यासारखी सालं निघतात. त्याची लाल माती होते, ती आपल्या शेतात येऊन बसते, तिच्यावर आपण नागली घेतो. पण हा काळा कण सहजासहजी सडत नाही, गंजत नाही. पाण्याबरोबर घरंगळत येतो आणि जड म्हणून वळणावर मागे राहतो. म्हणजे ओहळ काय करतो? घोळतो! हे मी म्हणाले. नात म्हणाली, आजी, आमच्या सरांना हे इतकं सोपं सांगता येत नाही. तिच्या सरांबद्दल मी काही बोलले नाही. आणि शेवटचं ऐका. या काळ्या वाळूतला टायटॅनियम काढून त्याचा रंग करतात, पांढरा, सगळ्यांत पांढरा, भिंतींना लावतात तो. शाळेच्या नव्या खोलीला आता तसलाच पांढरा दिला आहे आणि त्यावर तुमचं नाव लिहिलं आहे. माझ्या काजळीवर, गुरुजी.

ती खोली तुमच्या मुलाने बांधून दिली, पोरांच्या प्रयोगांसाठी. तो दिवाळीनंतर आमच्याकडे आला होता, मोखाड्याहून जीपने. साठी ओलांडलेला, कान अगदी तुमचे. मला म्हणाला, "मावशी, बाबांच्या त्या वेळच्या वर्गातलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. उद्घाटनाला दोन शब्द बोला." चहा दिला. मला एवढंच हवं होतं, की ज्या शाळेत मला चोर म्हटलं त्या शाळेत कोणीतरी मोठ्याने म्हणावं, हिने नेलं नव्हतं. म्हणून मी त्याला वाळूची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, हा चिडेल. त्याने कप खाली ठेवला.

"ती मुलगी तुम्ही?"

"कुठली ती?"

"बाबा सांगायचे. एका मुलीने वाळू आणली होती. पुडी नंतर सापडली, पावसात कपाट हलवलं तेव्हा. मागे पडली होती. कीस गंजून नुसता गोळा झाला होता. त्यांना फार वाईट वाटायचं, मावशी."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार. बदली झाली त्यांची."

"कधी झाली?"

त्याने हिशेब केला. "त्यानंतर... चार वर्षांनी."

चार वर्षं, गुरुजी. मी तुम्हाला अडाणी समजत होते. चुंबकाने फसवलेला माणूस म्हणून, खरं सांगते, नातीने तो बटणाएवढा चुंबक दाखवल्यावर तुम्हाला थोडं सोडून द्यायचंही माझ्या मनात आलं होतं. पण तुम्हाला माहीत होतं. गंजलेला गोळा हातात घेऊन तुम्ही उभे होतात, आणि शाळेच्या खालच्या बांधावर मी गवत कापत होते, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. वाईट वाटत होतं म्हणे. वाईट वाटायला बूट घालावे लागत नाहीत, ते मला माहीत आहे. आमच्या घरी यायला लागले असते.

तुमचा मुलगा हळूच म्हणाला, "मावशी, हे तेवढं त्या दिवशी नको. बाबांनी अक्षर शिकवलं, एवढं बोला."

"अर्धवट शिकवलं, ते बोलू का?"

नात आत तोंड दाबून हसत होती. तो बिचारा चहा न संपवता उठला.

परवा कार्यक्रम झाला. मांडव, खुर्च्या, भोंगा, तुमचा हार घातलेला फोटो. फोटोत तुम्ही हसताय, ते मी पहिल्यांदाच बघितलं. तुमचा मुलगा बोलला, बाबा शिस्तीचे होते, वगैरे. मग मला उठवलं. मी सूप बरोबर नेलं होतं. माइक तोंडाला नीट लागेना, पण मी म्हणाले, "माझ्यावर किसाची पुडी चोरल्याचा आळ होता. मी नेली नव्हती. गुरुजींना ती सापडली होती." एवढंच. मग सरपंचीण, नातीच्या वयाची पोरगी, माझ्याकडे वाकून म्हणाली, "आजी, कसली पुडी?"

कोणाला माहीतच नाही! हसणारा चुलतभाऊ गेला, पिसं दाखवणारी पोरं गेली, बाप तर कधीच गेला. मला चोर म्हणणारं कोणी उरलेलंच नाही, मग नाही म्हणून ऐकणार कोण? ऐकणारी माणसं तुम्ही बरोबर घेऊन गेलात. तेवढ्यात तुमचा मुलगा उभा राहिला. मला वाटलं, आता माइक काढून घेतो. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "पुडी कपाटामागे होती. बाबांना माहीत होतं. या मावशींनी नेली नव्हती." आणि बसला, घाम पुसत. लोकांना तरीही काही कळलं नाही, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. पण तो उभा राहिला, गुरुजी. चार वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते त्याला एका वाक्यात जमलं, भरल्या मांडवात, तुमच्या फोटोसमोर. तुमच्यापेक्षा चांगला निघाला. आईवर गेला असणार.

मग पोरांनी मला सोडलंच नाही. नव्या खोलीत खाली बसून मी वाळू घोळली, नातीने दोन्ही चुंबक फिरवले. एक चिमुरडी, दोन वेण्या, म्हणते, "आजी, सूप मला द्या ना, तुम्ही नीट नाय करत." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तिने केलं. पहिल्यांदा सगळं सांडलं. दुसऱ्यांदा काळी रेघ राहिली. त्यांची शाळेतली बाई कोपऱ्यात उभी राहून वहीत लिहून घेत होती, आणि कोणाला काही चुकलं म्हणाली नाही.

नात म्हणते, शाळा कार्यक्रमाचं पुस्तक काढते आहे, त्यात हे पत्र छापायला दे. नाही देणार. तुमचा मुलगा वाचेल, त्याने त्याचं केलं. तुम्हाला पोचवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं, कारण आता लिहिते ते तुम्हाला कळावं अशी माझी इच्छा नाही. त्या चार वर्षांत बांधावर गवत भरपूर होतं, पण मी मुद्दाम शाळेच्याच अंगाला बसायची. पाढे ऐकू यायचे. तेराचा मी तिथे पाठ केला. तुम्हाला पुडी सापडली हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. दारातून नुसतं "ए, आत ये" म्हणाला असतात, तर मी विळा तिथेच टाकून आले असते. चोर म्हणूनसुद्धा आले असते.